वारा नेहमी समोरूनच का येतो?

नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहायला गेलेला मराठी माणूस पहिल्याच वसंतात सायकल घेतो आणि थोड्याच दिवसांत कोड्यात पडतो. कात्रजचा घाट सायकलने चढलेल्या माणसाच्या मांड्या या सपाट मुलखात अर्ध्या तासात का भरून याव्यात? दुसरा प्रश्न त्याहून चमत्कारिक आहे. जाताना वारा समोरून होता, तर त्याच रस्त्याने परतताना तो पाठीवर असणारच. तरीही घरी आल्यावर सगळी फेरी वाऱ्याशी झुंजण्यातच गेली असं का वाटतं?

हा मनाचा खेळ नाही. फेरीचा बराचसा वेळ वारा खरोखरच समोर असतो, आणि साध्या गुणाकार-भागाकाराने ते दाखवता येतं. या प्रकरणात तेच करू. हिशेब एकदा समजला की याच वाऱ्याला आपल्या कामाला कसं लावायचं, तेही आपोआप उलगडतं.

१. एक रस्ता, एक सकाळ

हिशेबासाठी एक खराखुरा रस्ता घेऊ. हार्लेम हे आम्स्टरडॅमच्या पश्चिमेला, समुद्रापासून जवळ असलेलं जुनं शहर. तिथून हेमस्टेडे, बेन्नेब्रुक आणि हिलेगोम ही गावं ओलांडत दक्षिणेकडे सुमारे १८ किलोमीटर गेलं की लिस्से येतं. क्यूकेनहॉफ ही ट्यूलिपची जगप्रसिद्ध बाग इथलीच. जाताना उजव्या हाताला वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या पलीकडे उत्तर समुद्र. डाव्या हाताला एक कालवा आणि त्याच्या पलीकडे समुद्रसपाटीपेक्षा चार-पाच मीटर खाली असलेली शेतजमीन. मधल्या पट्ट्यात हायसिंथ, नार्सिसस आणि ट्यूलिपची शेतं.

दिवस एप्रिलच्या मध्यातला. ऊन स्वच्छ आहे, पण पारा ८ अंश सेल्सिअसवर अडकलाय. हवामान खात्याने नैर्ऋत्येकडून ‘४ क्रमांकाचा’ वारा सांगितला आहे. सायकल तिथल्या पद्धतीची, म्हणजे उंच दांडीची, पाठ ताठ ठेवून बसायची. अशा दिवशी हार्लेम ते लिस्से आणि परत, एवढीच आपली फेरी.

२. ऊन उन्हाळ्याचं, समुद्र हिवाळ्याचा

एवढं लख्ख ऊन असताना गारठा का? हार्लेमला २० एप्रिलच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंश वर असतो. २३ ऑगस्टलाही तो बरोबर तेवढ्याच उंचीवर असतो. म्हणजे उन्हाचा जोर दोन्ही दिवशी सारखा. फरक आहे तो समुद्रात.

पाणी सावकाश तापतं. एक किलो कोरडी माती एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या चौपटीहून जास्त उष्णता एक किलो पाण्याला लागते. शिवाय उन्हाची ऊब मातीत वरच्या थरातच राहते, तर समुद्र ढवळला जात असल्याने ती खोलवर वाटली जाते. म्हणून उत्तर समुद्र हिवाळ्याच्या अखेरीस सगळ्यात थंड होतो आणि एप्रिलमध्येही त्याचं पाणी ८ अंशांच्या आसपास असतं. ऑगस्टमध्ये तेच १८ अंशांच्या घरात जातं. या पाण्यावरून आलेला वारा पाण्याचंच तापमान घेऊन किनाऱ्यावर उतरतो. पाठीवर ऊन आणि तोंडावर थंडी, असा तिथला वसंत असतो तो यामुळे.

शाळेत शिकलेले खारे वारे इथे उपयोगी पडतात. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक जेवढा मोठा, तेवढे हे वारे जोरकस. वसंतात हा फरक भरपूर असतो. म्हणूनच एखाद्या शांत, उबदार दिवशीही दुपारी किनाऱ्याजवळ अचानक गार वारा सुटतो.

३. वारा कुठून येतो आणि किती येतो

आपल्या फेरीतला नैर्ऋत्य वारा मात्र खाऱ्या वाऱ्यांहून मोठ्या यंत्रणेचा भाग आहे. अटलांटिकवर तयार झालेले कमी दाबाचे पट्टे एकामागून एक युरोपकडे सरकत असतात. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. डच शास्त्रज्ञ बाइस बालोट यांनी १८५७ मध्ये यावरून एक सोपा नियम मांडला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असेल. नेदरलँड्सची हवामानसंस्था १८५४ मध्ये त्यांनीच स्थापन केली होती. आपल्या रस्त्यावर नैर्ऋत्य वाऱ्याकडे पाठ केली तर तोंड ईशान्येला होतं आणि डावा हात वायव्येकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या बाजूला जातो. तिथे कमी दाब आहे, हे सायकलवरून उतरून दहा सेकंदांत कळतं.

आता ‘४ क्रमांक’ म्हणजे काय ते पाहू. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराला क्रमांक द्यायला सुरुवात केली. पुढे या क्रमांकांना वेगाचे आकडे जोडले गेले. ४ क्रमांकाच्या वाऱ्याचा वेग ताशी २० ते २८ किलोमीटर. या वाऱ्यात धूळ आणि कागद उडतात, झाडांच्या लहान फांद्या हलतात. ५ क्रमांकाचा वारा २९ ते ३८ किलोमीटरचा.

यात एक बारकावा आहे. हे आकडे जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचे असतात. जमिनीजवळ गवत, बांध आणि झुडपं वाऱ्याला घासतात, त्यामुळे तो मंदावतो. मोकळ्या शेतात सायकलस्वाराच्या छातीच्या उंचीवर तो साधारण दोन-तृतीयांश उरतो. वर २७ किलोमीटरचा वारा असेल, तर आपल्या अंगावर येणारा वारा १८ किलोमीटरचा. पुढचा सगळा हिशेब या १८ च्या आकड्यावर करू, आणि सोपेपणासाठी जाताना हा वारा नेमका समोरून येतो असं धरू.

४. सपाट रस्त्यावरचा घाट

सायकलस्वाराला सपाट रस्त्यावर दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा विरोध, दुसरा हवेचा. हवेचा विरोध आपण रस्त्यावर किती वेगाने जातो त्यावर ठरत नाही. हवा आपल्या अंगावर किती वेगाने आदळते, त्यावर ठरतो. आपण १८ च्या वेगाने चाललो आणि वारा १८ च्या वेगाने समोरून आला, तर अंगावर आदळणारी हवा ३६ ची असते.

आणि हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. हवेचा वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा अंगावर येते आणि तिचा प्रत्येक कण दुप्पट वेगाने आदळतो. दोन गुणिले दोन, म्हणजे विरोध चौपट.

आता आकडे घालू. शक्ती वॅटमध्ये मोजतात, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते. स्वार आणि सायकल मिळून वजन ९५ किलो आणि बसणं ताठ, असं धरलं तर ठोकळमानाने असा हिशेब निघतो:

वारा नसताना ताशी १८ किलोमीटर वेगासाठी हवेपोटी ४७ वॅट आणि टायरपोटी २८ वॅट, एकूण ७५ वॅट लागतात. धडधाकट माणूस एवढी शक्ती तासन्‌तास देऊ शकतो.

समोरून १८ चा वारा असताना तोच वेग टिकवायचा, तर हवेचे ४७ वॅट चौपट होऊन १८८ होतात. टायरचे २८ तेवढेच राहतात. एकूण २१६ वॅट. सराव नसलेल्या माणसाची यात काही मिनिटांतच दमछाक होते.

पाठीमागून १८ चा वारा असताना हवा आणि आपण एकाच वेगाने जातो. हवेचा विरोध शून्य. उरतात फक्त टायरचे २८ वॅट.

समोरच्या वाऱ्याने वाढवलेले १४१ वॅट चढात मोजले, तर दर १०० मीटरला ३ मीटर चढणाऱ्या रस्त्याएवढे भरतात. नकाशावर न दिसणारा हा घाट. मात्र खऱ्या घाटात आणि यात एक महत्त्वाचा फरक आहे. घाट चढताना घातलेली ताकद उंचीच्या रूपाने साठते आणि उतारावर परत मिळते. वाऱ्याविरुद्ध घातलेली ताकद हवेतले भोवरे होऊन विरून जाते. ती परत मिळत नाही.

डच लोकांनी या घाटाची स्पर्धाच भरवली आहे. दक्षिणेकडच्या झीलंड प्रांतात समुद्राचं उधाण अडवणाऱ्या ओस्टरस्केल्डे बंधाऱ्यावर २०१३ पासून वाऱ्याविरुद्ध सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. अंतर जेमतेम साडेआठ किलोमीटर. सगळ्यांना सारख्याच, गिअर नसलेल्या सायकली मिळतात. स्पर्धेची तारीख आधी ठरत नाही. ७ क्रमांकाचा किंवा त्याहून मोठा वारा येणार असं दिसलं की थोडेच दिवस आधी ती जाहीर होते.

५. अर्धं अंतर, पाऊण वेळ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खऱ्या फेरीत कोणी २१६ वॅट लावत नाही. आपण जेवढं झेपतं तेवढंच, म्हणजे ७५ वॅटच लावतो आणि वेग कमी-जास्त होऊ देतो. ७५ वॅटमध्ये समोरच्या वाऱ्यात वेग येतो ताशी सुमारे १० किलोमीटर. पाठीच्या वाऱ्यात तो सुमारे ३० वर जातो.

वारा नसेल, तर जाताना १८ किलोमीटरला ६० मिनिटं आणि येताना ६०. एकूण १२०.

वारा असेल, तर जाताना १० च्या वेगाने १०८ मिनिटं. येताना ३० च्या वेगाने ३६ मिनिटं. एकूण १४४.

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, फेरी २४ मिनिटांनी लांबली. पाठीच्या वाऱ्याने समोरच्या वाऱ्याची भरपाई केली नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १४४ पैकी १०८ मिनिटं, म्हणजे बरोबर पाऊण वेळ, वारा समोर होता. अंतर अर्धं-अर्धं वाटलं गेलं, पण आपल्या शरीराला अंतर कळत नाही, वेळ कळतो. समोरच्या वाऱ्यात वेग मंदावतो म्हणून आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो. पाठीचा वारा आपल्याला झटकन घरी पोहोचवतो, म्हणून त्याची सोबत थोडीच मिळते.

त्यात पाठीचा वारा जाणवतही नाही. आपण त्याच्याच दिशेने जाऊ लागलो की कानाशी वाजणारी हवा मंदावते, अंगाला ऊब येते, आणि आज आपल्याला चांगली लय सापडली आहे असं वाटतं. श्रेय वाऱ्याचं असतं, ते आपण पायांना देतो.

६. बाजूचा वाराही अडवतो

वारा नेमका समोरून किंवा नेमका पाठीमागून क्वचितच येतो. बरोबर उजव्या बाजूने आला, तर? तो ना अडवेल ना ढकलेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तोही अडवतो.

आपण पुढे जात असल्यामुळे समोरची हवा अंगावर येतच असते. तिच्यात बाजूची हवा मिसळली की दोन्ही मिळून तिरपा, पण जास्त वेगवान झोत तयार होतो. त्याचा जो भाग आपल्याला मागे रेटतो, तो शांत हवेच्या विरोधापेक्षा मोठा असतो. आपल्या उदाहरणात १८ चा वारा काटकोनात आला, तर ७५ ऐवजी सुमारे ९४ वॅट लागतात.

वाऱ्याचा वेग आपल्या वेगाएवढाच असेल आणि तो आठ दिशांपैकी कुठूनही येऊ शकत असेल, तर समोरची एक, समोरच्या तिरप्या दोन आणि काटकोनातल्या दोन अशा पाच दिशा आपल्याला अडवतात. मदत करणाऱ्या उरतात तीन. वारा समोरूनच येतो या तक्रारीचा हा दुसरा आधार.

शर्यतीतल्या सायकलस्वारांनी बाजूच्या वाऱ्यावर एक उपाय शोधला आहे. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की श्रम वाचतात, हे सर्वांना माहीत आहे. ही बचत साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते. पण वारा बाजूचा असेल तर आडोसा बरोबर मागे पडत नाही, तिरपा पडतो. म्हणून स्वार एका ओळीत न राहता पंख्यासारखी तिरपी रांग धरतात. रस्त्याची रुंदी संपली की उरलेल्यांना आडोसा मिळत नाही आणि ते मागे पडतात. मार्च २०१५ मध्ये बेल्जियममधल्या खेंट-वेवेल्खेम शर्यतीत वाऱ्याने नामांकित स्वारांना रस्त्यावरून उडवून कडेच्या चरांत टाकलं. शर्यत पूर्ण केली फक्त ३९ जणांनी. आपण शर्यतीत नसलो तरी हा धडा घ्यावा. उघड्यावर बाजूच्या वाऱ्याचा झोत आला की हँडल सैल धरू नये, आणि घर किंवा झाडांची रांग संपते तिथे आधीच सावध व्हावं.

७. आठ अंश, पण वाटतात चार

आपल्या त्वचेला लागून उबदार हवेचा एक पातळ थर असतो. शरीराने स्वतःच्या उष्णतेने तो तापवलेला असतो. वारा तो थर उडवून लावतो, शरीर नवा तापवतं, वारा तोही नेतो. बशीतल्या चहावर फुंकर घालतो तेव्हा हेच घडतं. फुंकर काही थंडगार नसते, पण ती चहावरची गरम हवा आणि वाफ हटवत राहते म्हणून चहा लवकर निवतो.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढते हे मोजण्याची सुरुवात पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी शोधकांनी अंटार्क्टिकावर केली. तिथल्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांचे निष्कर्ष १९४५ मध्ये छापले गेले. आज वापरात असलेलं सूत्र २००१ चं आहे. त्यानुसार ८ अंश तापमान आणि २७ किलोमीटरचा वारा असेल, तर रस्त्याने चालणाऱ्याला ४ अंशांची थंडी जाणवते. वाऱ्यात शिरणाऱ्या सायकलस्वाराच्या अंगावर त्याचा स्वतःचा वेगही चढतो, म्हणून त्याला ती ३ च्या आसपास वाटते.

थर्मामीटर मात्र ८ च दाखवतो. वारा कोणतीही कोरडी वस्तू हवेपेक्षा गार करू शकत नाही, फक्त ती लवकर गार करतो. ओल्या कपड्यांचं तसं नसतं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून चढा वेग लावून घामाघूम होणं हा गार वाऱ्यातला सर्वात वाईट बेत. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा कपडा, त्यावर ऊब धरणारा आणि सर्वांत वर वारा अडवणारा पातळ थर, एवढं पुरतं. हातमोजे आणि कान झाकणारी पट्टी मात्र विसरू नये. हात स्थिर असतात आणि वाऱ्यात सर्वात पुढे असतात. ते बधिर झाले की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

८. वाऱ्याने घडवलेला मुलूख

आपल्या रस्त्याच्या डाव्या बाजूची खोलगट जमीन एकेकाळी हार्लेममेर नावाचं सुमारे १८,००० हेक्टरांचं सरोवर होती. वादळी वाऱ्यात या सरोवराच्या लाटा काठ खात सुटत. लोक त्याला पाण्याचा लांडगा म्हणत. नोव्हेंबर १८३६ मधल्या वादळाने त्याचं पाणी आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत नेलं. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास वारा उलट फिरला आणि पाणी लायडन शहराकडे घुसलं. मग सरोवर आटवायचं ठरलं. १८४० पासून भोवती कालवा खणला गेला, वाफेच्या तीन प्रचंड पंपांनी पाणी उपसलं आणि १८५२ मध्ये तळ कोरडा झाला. आज स्किपोल विमानतळ त्याच तळावर उभा आहे. इथे वाऱ्याला अडवणारं काही नाही, याचं कारण हे. हा सरोवराचा तळ आहे.

मधल्या पट्ट्यातल्या फुलांनाही या गारठ्याची गरज असते. ट्यूलिपचं मूळ मध्य आशियातल्या डोंगरांत. कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे थंडी मिळाल्याशिवाय तो नीट फुलत नाही. आपल्याकडे ट्यूलिप पाहायला श्रीनगरला जावं लागतं ते याचमुळे. युरोपात लायडनच्या वनस्पती उद्यानात कॅरोलस क्लूसियस यांनी लावलेले ट्यूलिप १५९४ मध्ये फुलले आणि शेजारच्या वाळूमिश्रित जमिनीत पुढे त्यांची शेती वाढली. एप्रिल गार राहिला की फुलं सावकाश उमलतात आणि जास्त दिवस टिकतात. उबदार एप्रिलमध्ये ती भराभर उतरतात. ज्या हवेत आपण हातमोजे घालतो, तीच हवा शेतातला रंग टिकवून धरते. शेतकरी मात्र फुलं उमलली की ती छाटून टाकतो. त्याला कंद विकायचा असतो, आणि फूल काढलं की झाडाचं अन्न कंदाकडे वळतं.

९. वाऱ्याचं वेळापत्रक

आता वाऱ्याला कामाला लावू. स्वच्छ रात्री जमीन गार होते आणि तिच्यालगत जड, थंड हवेचा थर साचतो. वरचा वेगवान वारा या थरावरून निघून जातो, म्हणून पहाटे खाली शांतता असते. सूर्य वर आला की जमीन तापते, हवा वर-खाली ढवळू लागते आणि वरचा वारा झोतांनी खाली उतरतो. साधारण दहानंतर वारा जोर धरतो, दुपारी कळस गाठतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा पडतो. वादळी पट्टा अंगावरून जात असेल तर हे वेळापत्रक मोडतं, म्हणून आदल्या रात्री अंदाज पाहावा.

यातून दोन नियम निघतात. वारा समोर घ्यायचा तो सकाळी, तो निजलेला असताना आणि पाय ताजे असताना. पाठीवर घ्यायचा तो दुपारी, तो जोरात असताना आणि पाय थकलेले असताना.

रस्ता निवडायलाही तिथे सोय आहे. सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक दिलेला असतो आणि पुढच्या क्रमांकाचा बाण लावलेला असतो. ही कल्पना १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात प्रत्यक्षात आली. ती हुगो बोलेन या खाण अभियंत्याची. त्यांनी ती खाणीतल्या क्रमांक लावलेल्या फाट्यांवरून घेतली. असे आठ-दहा आकडे कागदावर लिहून घेतले की जाताना झाडांच्या आणि घरांच्या आडोशाची वाट धरता येते, येताना उघड्या कालव्याकाठची.

शेवटचा हिशेब. सकाळी साडेसातला हार्लेमहून निघालो, तेव्हा छातीच्या उंचीवरचा वारा निम्मा, म्हणजे ताशी ९ किलोमीटरचा होता असं धरू. ७५ वॅटमध्ये वेग येतो साडेतेरा. लिस्सेपर्यंत ८० मिनिटं. फुलं पाहिली, गरम कॉफी घेतली आणि दुपारी, वारा १८ वर गेल्यावर निघालो. परतीला ३६ मिनिटं. एकूण ११६.

वारा अजिबात नसताना हीच फेरी १२० मिनिटांची होती. वाऱ्याच्या दिवशी, तेवढ्याच ताकदीत, आपण चार मिनिटं आधी घरी पोहोचलो. ज्या वाऱ्याने बेसावध निघालेल्याची २४ मिनिटं घेतली, त्यानेच वेळ पाहून निघालेल्याला चार मिनिटं दिली. म्हणून वसंतातल्या गार, वाऱ्याच्या दिवशी घरात बसू नये. आधी अंदाज पाहावा, वारा कुठून आहे ते समजून घ्यावं आणि सकाळी त्याच दिशेने तोंड करून निघावं.